घोणशीची ओटी

स्टोव्ह आपण बंदच केला नाही की काय, असं शालनला आधी वाटलं. पंप मारून ठेवलेला स्टोव्ह जसा एकसुरी फुसफुसत राहतो तसाच तो आवाज होता, आणि गेले तीन महिने तिचं चित्त इतकं थाऱ्यावर नव्हतं की घरातला स्टोव्ह दोन फर्लांगांवरच्या पायवाटेवर ऐकू येणार नाही, एवढी साधी गोष्टसुद्धा तिच्या चटकन ध्यानात येईना. हातात दुधाची चरवी, खांद्यावरून पदर, सकाळचे साडेसात वाजून गेलेले. सत्तावन सालचा मे सरत आला होता आणि इतक्या लवकरच ऊन पाठीला टोचायला लागलं होतं. कारखान्याच्या वसाहतीच्या मागे नव्या इमारतींचे पाये खणून ठेवले होते, त्यांच्या कडेने पिंपरी गावठाणाकडे पायवाट जायची, आणि त्या पायवाटेवर, मुरमाच्या ढिगाला अंग लावून, घोणस बसली होती. पाठीवर साखळीसारखी गोल गोल नक्षी. डोकं चपटं, रागावलेलं. पण अंगाचा मधला भाग असा काही तट्ट फुगला होता की वेटोळ्यावर वेटोळं नीट बसतच नव्हतं. एक बाजू सावरली की दुसरी सुटायची. शालनचा उचललेला पाय तसाच हळू खाली आला. दोघींमध्ये दोन हातांचं अंतर असेल नसेल.

ती भरलेली होती. हे शालनला कुणी सांगायला नको होतं. लग्न झालं तेव्हा तिचा नवरा ज्योतीराम परळला होता. सर्पदंशावरची लस जिथे बनते तिथे सापांच्या पेट्यांच्या खोलीत तो कामाला होता. पेट्या धुवायच्या, पाणी बदलायचं, मोठे लोक विष काढायला बसले की साप धरून द्यायचा. लग्नाच्या बोलण्यात सासरच्या, कोरेगावच्या मंडळींनी ही गोष्ट शिताफीने गाळली होती आणि मुलगा 'औषधाच्या खात्यात' आहे असं सांगितलं होतं. शालनला ते पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि रडायचं सोडून ती हसत सुटली, इतकी की शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर थाप मारली. त्या हसण्यावर ज्योतीराम बेहद्द खूश झाला. मग दुसरे नवरे गजरे आणतात तशी तो रोज संध्याकाळी सापांची नवीन माहिती आणायचा. नागीण अंडी घालते, धामण अंडी घालते, घोणस मात्र घालत नाही, हे त्याने असंच एकदा जेवताना सांगितलं होतं. "पोटातच ठेवते. असतात अंडीच, पण वर टणक कवच नाही, नुसता पापुद्रा. पोटातच उबवते, पोटातच फुटतात, आणि मग एक दिवस जिवंत पिल्लंच बाहेर. तीस-तीस, चाळीस-चाळीस." "आणि आत खातात काय ती?" शालनने विचारलं होतं, बाईमाणसाला पहिला प्रश्न हाच सुचणार. "प्रत्येकाचा डबा प्रत्येकाबरोबर," ज्योतीराम म्हणाला होता. "अंड्यातला बलक. आई भरवत-बिरवत काही नाही. ती जागा देते आणि ऊब देते, बस." त्यावर शालनने नाक मुरडलं होतं. जागा आणि ऊब देण्यात काय एवढं मोठंसं, असं ती म्हणाली होती. तेव्हा ती वीस वर्षांची होती. आज पंचविसाव्या वर्षी, तीन वेळा रिकामी होऊन बसल्यावर, त्या वाक्याची तिला एवढी लाज वाटायची की ते आठवलं की ती हातातलं भांडं उगाच दोनदा घासायची.

पळावं असं तिला त्या क्षणी वाटलं नाही, हे खरं ते सांगितलं पाहिजे. भीती होती, नाही असं नाही. पण भीतीच्याही आधी तिला त्या जनावराचा हेवा वाटला. काय निवांत भरली होती ती! पोट लपवायला पदर नाही, कुणाला सांगायचं नाही, कुणापासून लपवायचं नाही, आणि बाळंतपण आता चार-दोन दिवसांवर आलेलं. हिचं सुटणार, शालनच्या मनात आलं. हिचं शेवटपर्यंत राहिलं. कसं राहिलं असेल? आणि तिचा डावा हात, चरवी उजव्या हातात होती म्हणून डावा, आपसूक ओटीपोटावर जाऊन टेकला. तिथे बाहेरून अजून काही दिसत नव्हतं. आत मात्र तिसरा महिना सरला होता आणि ही गोष्ट अख्ख्या पिंपरीत फक्त तिला ठाऊक होती.

"हलू नगा बाई! हाय तिथंच ऱ्हावा!" गोठ्याच्या बाजूने अंबूबाई आल्या. शालन त्यांच्याकडेच दुधाला निघाली होती. साठीची, काटक, कमरेला नऊवारीचा ओचा घट्ट खोचलेली म्हातारी. कारखान्याच्या धुराड्याखालची जमीन एकेकाळी त्यांची, आणि हे त्या नव्या माणसाला पहिल्या भेटीतच ऐकवत, अर्ध्या तक्रारीने आणि अर्ध्या दिमाखाने: "माझ्या जोंधळ्यात हुबा हाय तुमचा कारखाना." आता त्यांनी आधी घोणशीकडे पाहिलं, मग शालनकडे, मग शालनच्या पोटावरच्या हाताकडे, आणि मग जमिनीकडे. सूर्य शालनच्या पाठीशी होता. तिची सावली लांबच लांब होऊन थेट त्या वेटोळ्यावर पडली होती. अंबूबाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. "बया! आंधळी झाली व्हय ती तुमच्या सावलीनं. तरीच म्हटलं हलंना कशी. पोटुशीची सावली पडली की सापाला दिसत न्हाई, ठाव हाय न्हवं?" आणि आवाज खाली आणून, "कितवा म्हैना?"

शालनला संताप आला. तीन महिने जिवापाड जपलेली गोष्ट एका म्हातारीने आणि एका सापाने भर रस्त्यात उघडी पाडली होती. तसलं काही नाही, ती जड झालीय म्हणून हलत नाही, असं तिला म्हणायचं होतं. पण सापाचं बाळंतपण समजावून सांगायची ती वेळ नव्हती, आणि हात पोटावर असताना 'तसलं काही नाही' म्हणणार तरी कसं? तेवढ्यात पाठीमागे सायकलची घंटी वाजली. परळ सोडून इथल्या पेनिसिलीनच्या कारखान्यात लागलेला ज्योतीराम रात्रपाळी संपवून येत होता. घंटी एकदाच वाजली. मग सायकल आडवी पडल्याचा आवाज, डब्याचं झाकण खडीवर गडगडत गेल्याचा आवाज, आणि इमारतींच्या पायांच्या राखणीला असलेल्या दत्तोबाचं, "अवो भाऊ, दमानं, बांबू घ्या ह्यो!" पुढचं सगळं फार पटकन झालं. ज्योतीराम तिच्या आणि घोणशीच्या मधे आला, त्याच्या पाठीने तिला समोरचं दिसेनासं झालं, त्याचा हात वर गेला. मारू नका, हे शब्द शालनच्या ओठांपर्यंत आले होते. पण 'का नको' म्हणून त्याने विचारलं तर? पोटुशीच्या नवऱ्याने जित्राबाला मारू नये, सापाला तर नाहीच नाही, हे काय त्याला माहीत नव्हतं? त्याला माहीत नव्हतं ते एवढंच की आपण पोटुशीचे नवरे आहोत. आणि ते त्याला माहीत नव्हतं कारण तिने सांगितलं नव्हतं. एवढा सगळा विचार तिने केला, अगदी सगळा, आणि तोंड मिटून ठेवलं. बांबू तीनदा खाली आला.

तिसऱ्या फटक्याला पोट फुटलं. दत्तोबा "अग्गं आई गं" म्हणत दोन पावलं मागे सरला. काही पापुद्र्यातच गुंडाळलेली होती, ओलसर, चकाकणारी. काही मोकळी झालेली, करंगळीएवढ्या जाडीची, पाठीवर तीच साखळीची नक्षी जशीच्या तशी, बारीक टाकाने काढल्यासारखी. हलत होती. एक तर डोकं उचलून बघत होतं. दत्तोबाने फावडं आणलं. शालनने डोळे मिटून घेतले नाहीत. मिटायला पाहिजे होते, पण ती मोजत होती, आणि अठरापर्यंत मोजल्यावर ज्योतीरामने तिला कोपराला धरून वळवलं. तो नुसता "घरी चल" म्हणाला. चरवी केव्हा हातातून पडली होती ते तिला कळलंच नव्हतं. तो सायकल उचलायला गेला तेवढ्यात अंबूबाई तिच्या कानाशी लागल्या. "मालकांस्नी ठाव न्हाई व्हय? न्हाई, त्येंच्या मोहऱ्यावरनं दिसतंयच की. बाई, बाई, बाई. वाईट झालं."

घरी आल्यावर ज्योतीराम भाकरी खाऊन आतल्या खोलीत झोपायला गेला आणि शालन बाहेरच्या खोलीत चटईवर आडवी झाली. कंबरेत कळ होती. चालल्याची असेल, उभं राहिल्याची असेल, पण पहिल्या तिन्ही वेळा तिथूनच सुरुवात झाली होती. पहिल्यांदा परळला, चौथा महिना लागल्यावर. तेव्हा केवढं कौतुक! कोरेगावहून थोरल्या जाऊबाई, गोजाबाई, मुद्दाम चोरचोळी घेऊन आल्या होत्या. कुणाला कळायच्या आत, तिसऱ्या महिन्यात, दार लावून हिरवा खण ओटीत घालतात ती चोरचोळी. पण गोजाबाईंच्या पोटात काही राहायचं नाही, त्यांनी स्टेशनापासून खोलीपर्यंत भेटेल त्याला सांगत आणली. सगळी चाळ तिला "सावकाश" म्हणायला लागली. नळावर सावकाश, जिन्यावर सावकाश. दहा दिवसांनी सगळं संपलं. खण शिवायचा राहिला तो राहिलाच, ट्रंकेच्या तळाशी गेला. दुसऱ्यांदा इथे पिंपरीला आल्यावर; तेव्हा पेढे वाटून झाले होते. तिसऱ्यांदा गेल्या वर्षी. दुःख तर होतंच, पण दुःखाशी ती एकटी बसली तरी असती. खरी दमछाक व्हायची ती दिलेली बातमी परत मागे घेताना. कोरेगावला पत्र घालायचं, 'प्रकृती जरा बरी नव्हती' असं लिहायचं, आणि वाचणाऱ्याने त्यातून काय ते ओळखायचं. शेजारच्या विमलबाई तर इतक्या भल्या की त्यांनी तिसऱ्या वेळी तिच्यादेखत स्वतःच्या तान्ह्याला पाजायचं बंद केलं होतं, आणि त्या भलेपणाने शालन जितकी मोडली तितकी कशानेच मोडली नव्हती. अंबूबाईंची कोंबडी गोठ्यात पाटीत अंड्यांवर बसलेली असायची. येणारा-जाणारा वाकून बघणार, किती आहेत, किती फुटली, किती वाया गेली. आपण तशाच बसलो तीन वेळा, चव्हाट्यावर पाटी मांडून. म्हणून ह्या वेळी शालनने ठरवलं होतं की कुणालाही सांगायचं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. त्याचा तो चेहरा, दवाखान्याच्या बाकावर टोपी दोन्ही हातांत धरून बसलेला, तिला चौथ्यांदा बघायचा नव्हता.

आणि लपवणं म्हणजे काय सोपी गोष्ट? घरात माणसं दोन, खोल्या दोन, कोनाड्यात देव. महिन्याचे तीन दिवस ती बाजूला बसायची. कोरेगावकडची रीतच तशी, आणि त्या तीन दिवसांत ज्योतीराम स्वयंपाक करायचा, पाणी भरायचा. आता बाजूला बसली नाही तर पहिल्याच महिन्यात बिंग फुटणार. तेव्हा ती खोटंखोटं बसली. तीन महिन्यांत तीन वेळा. कोपऱ्यात चटई टाकून, कोरी फडकी धुऊन दोरीवर वाळत घालून, विमलबाईंना दिसतील अशी. देवाकडे बघायची तिला लाज वाटायची. ज्योतीराम बिचारा रात्रपाळी करून यायचा आणि चुलीपुढे बसून जाड जाड, कडेला करपलेल्या भाकऱ्या थापायचा, तिच्या ताटात लांबून सोडायचा, आणि ती त्या खायची. भूकही काय लागायची त्या दिवसांत! दैवाने एकाच गोष्टीत तिला हात दिला होता. त्याच्या कपड्यांना कारखान्याचा वास यायचा. पेनिसिलीनच्या टाक्यांना मक्याचं आंबलेलं पाणी घालतात, त्याचा तो आंबूस, गोडसर, डोक्यात जाणारा वास. एरवी तिला त्याची सवय झाली होती, पण दिवस गेल्यावर तो वास आला की पोटातलं उसळून वर यायचं. ह्याचं कसं करावं ह्या काळजीत ती असतानाच कारखान्यात म्हणे नवीन नियम निघाला, की पाळी संपली की तिथेच आंघोळ करून, कपडे बदलून घरी जायचं. ज्योतीरामने तसं सांगितलं आणि तिने मनातल्या मनात त्या नियम काढणाऱ्याला आशीर्वाद दिला. टाक्यांच्या बाबतीत तिथे फार सोवळं आहे, हे तो नेहमी सांगायचा. एकदा टाकी भरून बंद केली की सहा दिवस झाकण उघडायचं नाही, बाहेरचा एक कण आत गेला तर सगळं नासतं. नुसतं बाहेरून हात लावून बघायचं, ऊब बरोबर आहे ना. शालनला ते ऐकायला आवडायचं. तिनेही तेच चालवलं होतं. फक्त कधी कधी, पाण्याची घागर उचलताना, कुणीतरी आपल्याला एकदा सावकाश म्हणावं असं तिला इतकं वाटायचं की ती स्वतःच स्वतःला म्हणायची, हळूच, ओठ न हलवता.

आता कंबरेतली कळ जात नव्हती आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर ज्योतीरामला कळणार की आपण काय केलं. हे गेलं तर तो जन्मभर म्हणणार की माझ्या बांबूने गेलं. भरलेलीला मारलं, त्याची भरपाई झाली. नाही सांगितलं आणि गेलं, तर त्याला काहीच कळणार नाही, दवाखान्याच्या बाकाशिवाय निभावेल, आणि तीच एकटी जाणून राहील की एक शब्द ओठांपर्यंत आला होता तो आपण गिळला. त्यापेक्षा हे बरं, तिला वाटलं. मग वाटलं, हे कसलं बरं? मोरीत जाऊन तिने दोनदा पाहिलं. काही नव्हतं. तरीही ती परत येऊन पडली ती अंग आखडून, गुडघे पोटाशी घेऊन, जणू इतकं घट्ट धरलं की काही निसटणारच नाही.

दुपारी अंबूबाई आल्या. सकाळी पडलेली चरवी त्यांनी घासून आणली होती, दुधाने भरून. दारातूनच त्यांनी आतल्या खोलीकडे बोट करून झोपलेत का म्हणून खुणेने विचारलं आणि मग कुजबुजायला सुरुवात केली. अंबूबाईंचं कुजबुजणं म्हणजे रानात राखणीला बसलेल्याला ऐकू जाईल इतपत. "भिऊ नगा. आमच्यात सांगत्यात त्ये सांगते. मेली ती साधी न्हवं मेली. पोटुशी बाई गेली तर तिची वटी भरत्यात का न्हाई? तशी तिची भरा. हिरवा खण घाला अंगावर, तांदूळ, हळद-कुकू, अन् मातीआड करा. उघडी ठिवू नगा तिला. दत्तोबानं खड्ड्यात टाकलीया, सांजच्याला राकेल वतून जाळतो म्हनतो. त्याच्या आधी करा." शालन म्हणाली, "आणि केलं की?" अंबूबाईंनी ओचा पुन्हा घट्ट खोचला. त्यांची स्वतःची सहा बाळंतपणं झाली होती आणि त्यातली दोनच मुलं राहिली होती, हे शालनला ठाऊक होतं. "केलं की केलं," त्या म्हणाल्या. "तिचं तिला पोचतं. फुडलं कुनाच्या हातात हाय, पोरी?" आणि बाईचं पोरी करून त्या निघून गेल्या.

शालन खरं तर असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नव्हती, निदान तसं तिचं स्वतःबद्दल मत होतं. पण मनात ते बसलं. लस-बिस, बलक-बिलक सगळं खरं असेल, तरी उघडी पडलीय हेही खरंच होतं. ज्योतीराम चारला उठून पान आणायला म्हणून बाहेर जायचा. तो गेला की आपण जाऊन यायचं, असं ठरवून तिने डोळे मिटले, आणि कसा कोण जाणे तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा आतली खोली रिकामी होती आणि दार नुसतं लोटलेलं होतं. तिने घाईने ट्रंक उघडली. वरचं लुगडं, शालूची घडी, लग्नातला ज्योतीरामचा कोट, तळाशी वर्तमानपत्राचा कागद. त्या कागदाखाली खण असायचा. हिरवा, तांबड्या काठाचा, गोजाबाईंनी आणलेला, तीन वर्षांत तिने ज्याला हात लावला नव्हता पण जो तिथे आहे हे तिला रोज ठाऊक असायचं, तो खण तिथे नव्हता. तिने सगळी ट्रंक उपसली. कोरेगावला राहिला असेल का? विमलबाईंना दिला होता का आपण? आणि मग, कागदाची घडी उलटी घातलेली तिला दिसली. पुरुषमाणसाने घातलेली घडी. तिने डब्यातले मूठभर तांदूळ घेतले, कुंकवाची डबी कंबरेला खोचली, आणि पायांत चपला न घालता निघाली.

मुरमाच्या ढिगामागे ज्योतीराम उकिडवा बसला होता. शेजारी खुरपं, आणि दत्तोबाकडून मागून घेतलेली पहार. खड्डा खणून झाला होता. मुरूम कसला कठीण, त्याच्या तळहाताला फोड आलेला तिला लांबूनच दिसला. खड्ड्यात हिरवा खण पसरलेला होता, काठ वर, आणि त्याच्या खाली उंचवटा. त्याने मान वर करून तिला पाहिलं. दचकला नाही. पंगतीत उशिरा आलेल्याला जागा देतात तसा तो थोडा बाजूला सरकला. शालन खाली बसली. मूठ उघडून तिने तांदूळ घातले, कुंकवाचं बोट काठाला लावलं. नमस्कार दोघांनीही केला, आणि मग त्याने हाताने माती लोटायला सुरुवात केली.

"अंबूबाईंचं ऐकलंत तुम्ही," ती म्हणाली.

"ऐकलं. त्यांचं कुजबुजणं कुणाला ऐकू येत नाही?"

"म्हणजे आज कळलं तुम्हाला."

ज्योतीराम मातीतला एक दगड वेचून बाजूला ठेवत म्हणाला, "मी आंघोळ करून का येतो कारखान्यातनं?"

"नियम आहे ना—"

"कसला नियम? रामनवमीला मी आलो आणि तू मोरीत गेलीस. तांब्यातांब्याने पाणी ओतत राहिलीस, आवाज येऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून आलो, तर नाही गेलीस. मग रोजच करायला लागलो."

शालनला एकेक आठवत गेलं. दोरीवरची कोरी फडकी, कोपऱ्यातली चटई, लांबून ताटात सोडलेल्या भाकऱ्या. "आणि ते तीन दिवस? मी बाजूला बसायचे ते?"

"तेवढंच तुझं पाणी उचलणं वाचायचं," तो म्हणाला. "मला बरंच होतं ते."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस म्हणून. म्हटलं, झाकून ठेवलंयस तर आपण कशाला उघडायचं. राहू दे जसं राहतंय तसं."

तिला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि दोन्ही होत असतानाच दुसरी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, आणि दोन्ही थांबलं. रामनवमीपासून माहीत. म्हणजे आज सकाळीही माहीत. "मग मारलीत का?" तिने विचारलं. आवाज तिच्या मनात होता त्यापेक्षा मोठा निघाला.

ज्योतीरामचा हात मातीवरच थांबला. "भरलेली आहे ते सायकलवरनंच दिसलं मला. पेट्या धुतल्यात मी. मारू नये तेही माहीत होतं, आईनं शंभरदा सांगितलेलं. हात उचलला तेव्हासुद्धा माहीत होतं." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "पण तू हलत नव्हतीस, शालन. मी घंटी वाजवली तरी हलली नाहीस."

दिवसभर हा माणूस आत पडून झोपला नव्हता, हे तिला आता कळलं. भिंतीच्या त्या बाजूला तो, ह्या बाजूला ती, आणि दोघं एकाच गोष्टीवर जीव मुठीत धरून. आपण का हललो नव्हतो, ते सांगावं असं तिच्या जिभेवर आलं. आपण भ्यालो नव्हतो, नुसतं बघत होतो, हेवा करत होतो. आपणच पाऊल मागे घेतलं असतं तर ती आपल्या वाटेने निघून गेली असती. पण त्याच्या तळहाताच्या फोडाकडे बघून तिने ते सांगितलं नाही. ते तिचं तिच्याकडेच राहिलं.

"दोन निसटली," तो थोड्या वेळाने म्हणाला. "ढिगात गेली. दत्तोबाला दिसली नाहीत. मी बघितली."

"सांगायला हवं. पोरं खेळतात इथे."

"हवं. उद्या ढीग हलवायला लावतो, आणि पकडून लांब सोडून येतो नदीपलीकडे. जमतं मला ते." मग, "तो खण मी तुला न विचारता घेतला."

"मी त्यासाठीच ट्रंक उघडली होती," शालन म्हणाली.

त्याने उरलेली माती लोटली आणि तळव्याने थापून सारखी केली, भाकरी थापतात तशी, तितकीच वेडीवाकडी. ऊन उतरलं होतं. कारखान्याचा भोंगा वाजायला अजून अवकाश होता. कंबरेतली कळ होती की नव्हती, तिला नक्की सांगता आलं नसतं. तिने कान देऊन पाहिलं तर ती तिथे होती, आणि नाही पाहिलं तर नव्हती. "परवा चौथा लागला ना?" ज्योतीरामने मातीकडे बघत विचारलं. "काल," ती म्हणाली. "काल लागला." त्याने मान हलवली, पहार बाजूला टाकली, उभा राहिला आणि मातीने भरलेला हात तिच्यापुढे केला.

"सावकाश ऊठ," तो म्हणाला.